सहावर अकरा

पोलिश संगीतकार शोपँ यांच्या ‘ओपस ९’ या रचनासंचातले पहिले नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना), म्हणजे बी फ्लॅट मायनर या स्वरश्रेणीतले, मी गेले चार महिने पियानोवर वाजवतो आहे आणि अजूनही माझा सर्वाधिक वेळ पहिल्या ओळीपाशीच जातो. डाव्या हाताचे सहा स्वर संथपणे चालू असताना उजव्या हाताला तेवढ्याच अवधीत अकरा स्वर म्हणायचे असतात. त्यापाठोपाठ बारावर बावीस येतात. सुरुवातीला मी वहीत हिशेब मांडून डाव्या हाताच्या दर सहा स्वरांपैकी पाचांवर दोन-दोन आणि एकावर एक असे स्वर बसवले. ते बसलेही, पण गाणे नाहीसे झाले.

शोपँ आपल्या शिष्यांना इटालियन ऑपेराचे गायक ऐकायला सांगत, आणि डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्याने लय सोडता कामा नये, असे बजावत. शिष्यांनी तशा नोंदी करून ठेवल्या आहेत. विलंबित ख्यालात ठेका आपल्या जागी चालू असतो आणि गायक मोकळेपणाने फिरून समेवर येतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला ही गोष्ट समजायला जड जात नाही. हाताला समजायला मात्र फार वेळ लागतो.

म्हणून आता मी डावा हात एकटाच वाजवतो आणि उजव्या हाताची ओळ तोंडाने गातो. डावीकडचे स्वर सप्तकापलीकडे पसरलेले आहेत. बोटे ताणली की अंगठ्याचा स्वर टोचतो, त्यामुळे मनगटच करंगळीकडून अंगठ्याकडे आडवे वाहत न्यावे लागते. हे सैल झाल्याशिवाय वरच्या अकरा स्वरांना मोकळीक मिळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

मधल्या भागात उजवा हात एकाच स्वराच्या, सप्तकाच्या अंतरावरच्या जोड्यांनी चालतो आणि वर ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात, अशी सूचना आहे. येथे वजन चौथ्या-पाचव्या बोटावर ठेवून अंगठा जवळजवळ नुसता टेकवायचा असतो; अंगठा जड झाला की धून खाली बुडते. त्यातच आजच्या पियानोचा नाद १८३०च्या दशकातल्या वाद्यांहून जास्त वेळ टिकतो. छापील खुणेप्रमाणे नाद लांबवणारे पायाचे पेडल पूर्ण दाबून ठेवले तर सूर एकमेकांत कालवले जातात, म्हणून मी ते अर्धेच उचलून पुन्हा दाबतो. किती उचलायचे, हे त्या खोलीत त्या वाद्यावर कानानेच ठरवावे लागते.