गावाला विचारलं?

“मत घेतलं? गावाचं?” काकांचा जाळं विणणारा हात थांबला.

आज पैठणला, नाथसागराच्या काठावर, मी त्यांना अमेरिकेतल्या बार हार्बरची बातमी वाचून दाखवत होते. समुद्रकाठचं छोटं गाव. क्रूझच्या गर्दीला कंटाळून लोकांनी २०२२ मध्ये मतदान केलं, दिवसाला जहाजातून १००० प्रवासीच उतरतील असं ठरवलं. धंदेवाले कोर्टात गेले.

वाटलं, काका जहाज केवढं ते विचारतील. ते मतावरच अडले.

त्यांचं जुनं गाव याच धरणाच्या पाण्याखाली आहे. “आम्हाला नुसती नोटीस आली होती, ताई. वडिलांना वाचताही येत नव्हती.”

मला पुढची बातमी वाचवेना.

बंदराचा धक्का असो, धरण असो... तुमच्या गावात कधी कुणी आधी विचारलं होतं का?