दूध आणायला कोण जाणार?

न्यू जर्सीतल्या ज्या सरकारी शाळेत मी सहायक शिक्षिका आहे, तिथल्या एका वर्गात चक्क घर मांडलंय. पलंग, त्यावर अंथरायची चादर, वॉशिंग मशीन, छोटासा ओटा. शेजारच्या खोलीत दुकान. फळ्यांवर रिकामी खोकी, त्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या, गल्ल्यावर आमच्यातलीच एखादी बाई. ऑटिझम, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेली मोठी मुलं इथं गणिताच्या तासासारखाच तास म्हणून कपडे धुवायला आणि रांगेत उभं राहायला शिकतात. हे कुणाच्या मर्जीवर चालत नाही. १९७५ च्या कायद्यानं अमेरिकेत प्रत्येक अपंग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि प्रत्येकाचा वेगळा लेखी आराखडा करणं शाळेवर बंधनकारक केलं. न्यू जर्सीत १४ व्या वर्षापासून त्यात ‘शाळा संपल्यावर पुढं काय’ हेही लिहावं लागतं.

मी हे घरी सांगितलं की कोल्हापुरातून हमखास प्रश्न येतो, “आपल्याकडं असं कधी व्हायचं?” माझं म्हणणं जरा वेगळं आहे. ते खोटं दुकान नाइलाजानं थाटलेलं आहे. इथल्या उपनगरात दुकानापर्यंत चालत जायची सोय नसते, बऱ्याच ठिकाणी धड फूटपाथही नसतो. म्हणून दुकान वर्गात आणायचं आणि अधूनमधून मुलांना बसमध्ये घालून खऱ्या सुपरमार्केटात न्यायचं. वर्गात जमलेलं तिथं जमेलच असं नाही, कारण ऑटिझम असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं बऱ्याचदा जड जातं. आमच्या शिवाजी पेठेत खरं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे आणि दुकानदार पोराला जन्मापासून ओळखतो. अडतं ते घरच्यांच्या मायेपाशी.

दादाचा मुलगा १४ वर्षांचा आहे. ऑटिझम. बोलतो मोजकं, समजतं सगळं. यंदा सुट्टीत गेले तेव्हा त्याची अंघोळ माझी आई घालत होती, भात कालवून तीच भरवत होती. मी काही बोलायच्या आत तिचं ठरलेलं उत्तर, “लेकराला कशाला कामाला लावतीस? मी हाय की अजून.” वहिनीला मात्र शिकायचं होतं. आम्ही दोघींनी ‘दूध आणणे’ हे एकच काम धरलं.

एकच काम म्हणायचं, पण फोडायला बसलो तर पिशवी घेणं, नोट खिशात ठेवणं, चप्पल घालणं, दुकानासमोर थांबणं, चित्राचं कार्ड दाखवणं, नोट देणं, सुटे घेणं, परत येणं, फ्रिजमध्ये ठेवणं अशी पानभर यादी झाली. ही यादी आम्ही शेवटाकडून शिकवली. आधी सगळं वहिनी करायची, फक्त पिशवी फ्रिजमध्ये ठेवायचं काम त्याचं. ते जमल्यावर दारापासून फ्रिजपर्यंत. मग दुकानापासून घरापर्यंत. आमच्या शाळेत याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. यात पोराला रोज काम पुरं झाल्याचा आनंद मिळतो, अर्ध्यात सोडून दिल्याचा वैताग नाही.

अमेरिकेतली सुट्टी म्हणजे कोल्हापूरचा ऐन पावसाळा. रेनकोटचा स्पर्श त्याला अजिबात सहन होत नाही, म्हणून छत्री. छत्री उघडणं हाच आठवडाभराचा अभ्यासक्रम झाला. चालायचंच.

दुकानदार मामांना दोनच गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. कार्ड दाखवेपर्यंत दूध द्यायचं नाही, आणि मागून वहिनी दिसली तरी तिच्याशी बोलायचं नाही, गिऱ्हाईक पोरगा आहे. एक दिवस गल्ल्यात सुटे नव्हते. मामांनी सवयीनं चॉकलेट पुढं केलं. पोरगा जागचा हलेना. कार्डावर नाण्यांचं चित्र होतं आणि हातात चॉकलेट. कानांवर हात, पुढं-मागं डोलणं सुरू. मागं तिघं गिऱ्हाइकं खोळंबलेली. वहिनी धावणार, तेवढ्यात मामांनी शेजारच्या पानपट्टीतून नाणी आणून त्याच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, “ताई, पोराचं बरोबर हाय. सुटं म्हंजे सुटं.” न्यू जर्सीतल्या सुपरमार्केटात असला कॅशियर मला अजून भेटायचाय.

पैशांचा हिशेब सगळ्यांनाच जमला पाहिजे असं नाही. इथं मुलांना वरचा डॉलर द्यायला शिकवतात. बिल ४ डॉलर ३५ सेंट, तर एकेकाच्या पाच नोटा द्यायच्या. आम्ही तेच दहाच्या नोटांवर बसवलं. ३६ रुपये म्हणजे दहाच्या चार नोटा. पण पेठेत आता भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढं करते, आणि फोनमधले पैसे दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. शिकायच्या काळात तरी घरात रोकड असू द्या, असं मी दादाला बजावलंय.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना गप्प बसवणं. अंघोळीच्या वेळी दाराबाहेरून तिघांचा एकदम गजर, “साबण घे, अरे घे की, पाठ राहिली, तांब्या तिथं हाय बघ.” हातानं केलेली मदत हळूहळू कमी करता येते, चित्र काढून घेता येतं, पण तोंडी सूचना सोडवणं महाकठीण. मूल सूचनेचीच वाट बघत बसतं. म्हणून सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजायचे आणि तोंड बंद. दादाला हे आजही जमत नाही.

अंघोळीच्या पायऱ्या दाखवणारा इंटरनेटवरचा तक्ता तर आमच्या काहीच कामाचा नव्हता. त्यात शॉवर. आमच्याकडं बादली, तांब्या आणि कढत पाण्यात गार पाणी मिसळून हात बुडवून बघणं, जे नीट शिकवलं नाही तर भाजायचा धोका. वहिनीनं आमच्याच मोरीचे फोटो काढून तक्ता केला. जेवताना बोटांना लागलेला ओला भात त्याला सोसत नाही, हे कळल्यावर चमचा दिला. “हातानं जेवल्याशिवाय पोट भरतं व्हय?” असं आई म्हणाली, पण भरलं.

रस्त्याच्या बाबतीत मात्र मी शस्त्रं खाली ठेवली. न्यू जर्सीत सिग्नलवर चालणारा पांढरा माणूस दिसला की निघायचं, हे शिकवायला सोपं. बिंदू चौकात तसलं काही शिकवलं तर पोरगं संध्याकाळपर्यंत तिथंच उभं. त्याला मी शेजारच्या मोठ्या माणसाला “रस्ता ओलांडून द्या” म्हणायला शिकवलं, आणि तेही नाही निघालं तोंडातून तर दाखवायला कार्ड. मदत मागता येणं हेही जगण्यातलंच कौशल्य, आणि कोल्हापुरात कुणी नाही म्हणत नाही.

अमेरिकेचं फार कौतुक नको. २१ वं वर्ष सरलं की शाळा संपते, पुढच्या सेवांसाठी वाट बघावी लागते, आणि शेजाऱ्यांना बहुतेकदा मुलाचं नावही ठाऊक नसतं. आपल्याकडं २०१६ च्या कायद्यात ऑटिझमसह २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली १ लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा आहे, आणि मूल १८ चं झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा.

परवा व्हिडिओ कॉलवर कळलं की दूध आता रोज तोच आणतो. आईनं त्यावर कडी केलीय, तो दारातून निघाला की मागून ओरडते, “दही बी आण रे!” दह्याचं कार्ड अजून केलेलं नाही. त्यावरून सासू-सुनेची रोज सकाळी जुंपते.