विज्ञान शिक्षक, क्यूजीआयएस आणि गावातल्या विहिरी

विज्ञान शिक्षकांना डिजिटल नकाशे शिकवताना सॉफ्टवेअरच्या बटणांवर जेवढा वेळ जातो, तेवढा मोजमापांवर जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून खुले आहे, आणि बटणे काय, सरावाने येतातच.

म्हणून संगणकासमोर बसवण्याआधी मी प्रशिक्षणार्थींना विहिरीवर नेतो. दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे, त्यातून कठड्याची उंची वजा करायची (ती विसरली, की शेजारशेजारच्या विहिरींत नसलेला फरक दिसू लागतो) आणि मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपायचे, एवढेच काम असते.

नोंदी क्यूजीआयएसमध्ये आणल्या, की गमती सुरू होतात. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, सॉफ्टवेअरला मात्र ‘एक्स’च्या जागी रेखांश हवा असतो, ही अदलाबदल झाली, की पुण्याची विहीर थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. १८ अंश ३१ मिनिटे हे १८.३१ असे लिहिले, तर बिंदू सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेकडे सरकतो आणि महाराष्ट्रातच राहिल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. मिनिटांना साठने भागण्याचे हे गणित शिक्षकांनी फळ्यावर स्वतः करावे, असा माझा आग्रह असतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र मी इंटरपोलेशनला, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचा अंदाज काढण्याला देतो. मोजक्या बिंदूंवरून सॉफ्टवेअर सबंध तालुका निळ्या-पिवळ्या छटांनी रंगवून देते, आणि तो नकाशा इतका देखणा असतो की त्यावर शंका घेणे जिवावर येते. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी प्रामुख्याने भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत साठते. एक विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून एक विहीर मुद्दाम वगळून नकाशा तयार करायचा आणि त्या जागी नकाशाने दाखवलेली पातळी प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहायची, असा प्रयोग मी करायला लावतो. फरक का आला, यावर शिक्षकांत जो वाद रंगतो, तोच वर्गात नेण्याजोगा असतो.

भूकंपांचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपासारख्या नोंदी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्या कोयना आणि वारणा जलाशयांच्या नकाशावर ठेवल्या, की धरणामुळे भूकंप होतात, असे मुले लगेच म्हणतील. तेव्हा, इतर बहुतेक मोठ्या धरणांजवळ असे का होत नाही आणि धरण होण्याआधी इथले लहान धक्के नोंदवायला जवळपास यंत्रे होती का, हे दोन प्रश्न शिक्षकाकडे तयार असायला हवेत.