१ जानेवारी

सकाळी बँकेच्या तपासणी यंत्रणेनं एक व्यवहार अडवून ठेवला होता. परदेशात शिकणाऱ्या मुलीच्या फीसाठी बापानं पाठवलेले पैसे. बापाचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतल्या, म्हणजे ज्यांचा पैसा गोठवायचा असतो अशांच्या यादीतल्या, एका नावाशी जुळत होतं. जन्मतारीखही तीच, १ जानेवारी.

बँकेत ही तपासणी करणाऱ्यानं अशा वेळी नाव आधी बाजूला ठेवायचं. अरबी नावं रोमन लिपीत लिहायची एकच रीत नाही, म्हणून यंत्रणा मुद्दाम सैल जुळणी करते, साधारण सारखं नावही पकडते, आणि निरपराध माणसंही अडकतात. निकाल लागतो तो वडिलांचं नाव, जन्मगाव, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांकावर.

तारखेनं मात्र क्षणभर पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, जिथे जन्माची नोंदच होत नाही तिथे कागदपत्रं करताना सर्रास १ जानेवारी लिहितात. वडिलांचं नाव वेगळं निघालं. तेवढ्यावर सोडता येत नव्हतं आणि खात्याच्या फॉर्मवर जन्मगावाचा रकाना कोरा! पासपोर्टची प्रत मागवली. तोवर बापाचे दोन फोन येऊन गेले. फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. प्रत आली, जन्मगाव दुसऱ्याच देशातलं. चार वाजता पैसे सुटले. रकाना भरलेला असता तर हे दहा मिनिटांचं काम होतं.

याद्या हव्यातच. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १९९९च्या ठराव १२६७ पासून त्या चालत आल्या आहेत, आणि यादीत नाव आलं की काही तासांत पैसा गोठवायला हवा. पण ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांनी अमेरिकेत स्वतःच्याच नावानं खाती उघडली होती. त्यांच्यातले दोघं जानेवारी २००० मध्ये तिथे पोहोचले. गुप्तचरांना त्यांची माहिती असूनही नावं निगराणी यादीत चढली ऑगस्ट २००१ मध्ये. दीड वर्षं माहिती एका सरकारी विभागाकडून दुसऱ्याकडे गेली नाही. देशांना दहशतवाद खरंच रोखायचा असेल तर आधी ही फट बुजवावी. जुळणी आणखी सैल केली तर अडकतील ते असे बापच, आणि रोजच्या शेकडो खोट्या इशाऱ्यांत खरा इशारा थकलेल्या डोळ्यांखालून निसटेल.

त्या बापाला पुढच्या वेळी अडवू नये अशी नोंद केली, ती नावावर नाही, पासपोर्ट क्रमांकावर. नावावर केली असती तर यादीतला खरा माणूसही त्याच वाटेनं सुटला असता.