तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीएस कोडमध्ये ईएक्सई फाइल दुसरीकडे ठेवता येते का?

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे सी प्लस प्लस शिकायला येणारी पोरं हमखास विचारतात, "सर, प्रोग्रॅम रन केला की ईएक्सई त्याच फोल्डरमध्ये पडते. दुसरीकडे ठेवता येत नाही का?"

येते, आणि कोडपासून तयार होणारी ही थेट चालणारी फाइल दुसरीकडे ठेवावीच. असाइनमेंटचं फोल्डर झिप करून जीमेलने पाठवायला जा. आत एक जरी ईएक्सई असली तरी जीमेल ती झिप घेत नाही.

व्हीएस कोड हा नुसता कोड लिहायचा एडिटर. तो स्वतः काही कंपाइल करत नाही, जी प्लस प्लस या कंपाइलरला कमांड देतो. फाइल कुठे ठेवायची ते त्या कमांडमध्ये 'डॅश ओ'च्या पुढे लिहिलेलं असतं. म्हणून सेटिंग्ज धुंडाळू नका, प्रोजेक्टमधली टास्क्स डॉट जेसन उघडा, ती कमांड तिथे असते. 'डॅश ओ'च्या खालच्या ओळीत डॉलर आणि महिरपी कंसात फाइलडिरनेम दिसेल, म्हणजे जिथे सोर्स तिथेच ईएक्सई. त्या जागी वर्कस्पेसफोल्डर (म्हणजे व्हीएस कोडमध्ये उघडलेलं मुख्य फोल्डर) लिहून पुढे बिल्ड जोडा, बाकीची ओळ तशीच राहू द्या. विंडोजवर बॅकस्लॅश दोनदा द्यावा लागतो. बिल्ड फोल्डर आधी हाताने करून ठेवा. जी प्लस प्लस ते करून देत नाही, एरर देऊन थांबतो.

खरी गोची पुढे आहे. लाँच डॉट जेसन, म्हणजे डीबगरने (चुका शोधायला प्रोग्रॅम चालवणाऱ्या टूलने) काय चालवायचं ते सांगणारी फाइल, असेल तर त्यात 'प्रोग्रॅम'समोर जुनाच पाथ असतो. जुनी ईएक्सईही तिथेच पडलेली असते, त्यामुळे डीबगर मुकाट्याने तीच चालवतो. कोड बदलला, कंपाइलही झाला, तरी स्क्रीनवर कालचंच उत्तर! मिरजेहून येणाऱ्या एका मुलीची अख्खी बॅच लूपमधली चूक शोधण्यात गेली. कोड तिचा बरोबरच होता. म्हणून जुन्या ईएक्सई आधी डिलीट करा आणि मग दोन्हीकडे पाथ बदला. एखादीकडे राहिलाच, तर निदान फाइल सापडत नाही असं डीबगर तोंडावर सांगेल.

आणखी एक. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या फोल्डरमध्ये तुमची फाइल 'मेन' नावाचीच असते. सगळ्या ईएक्सई एकाच बिल्डमध्ये गेल्या की दुसरी पहिलीवर बसते. फाइलींना वेगळी नावं द्या.

जावावाल्यांचं सोपं आहे. मेव्हन किंवा ग्रेडल ही बिल्ड टूल्स नसलेल्या साध्या फोल्डरला व्हीएस कोडमध्ये जावा डॉट प्रोजेक्ट डॉट आउटपुटपाथ ही सेटिंग आहे. तिथे बिन लिहा, कंपाइल झालेल्या क्लास फाइली तिकडे जातील.