सीलच्या मागचा तडा

टू-स्ट्रोक इंजिनात चुकीच्या जागेवरून हवा शिरली की दुखणं एकीकडे आणि लक्षणं भलतीकडेच दिसतात. कॉइल बदलली जाते, कार्बोरेटर बदलला जातो, पिस्टन चिकटतो, बोर होतो, परत चिकटतो. असं एक इंजिन परवा माझ्या हातून गेलं. गाडी आता चालते आहे, पण त्या इंजिनात जे सापडलं ते डोक्यातून जात नाही.

माझं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. दिवसभर लेथवर बाहेरची कामं चालतात, पंपाचे शाफ्ट, रसवंतीच्या चरकाचे रोलर, बुश. संध्याकाळी घरच्या शेडमध्ये जुन्या जावा आणि येझदी असतात. ही गाडी १९७१ची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथं १९६१पासून जावा बनत होत्या, १९७३पासून टाकीवर येझदी नाव आलं आणि १९९६ला कारखाना बंद झाला. त्यामुळे आज या गाड्यांसाठी खात्रीचा सुटा भाग म्हणजे जुन्या माणसाच्या माळ्यावर पडलेला सुटा भाग. बाजारातलं नवं सील (फिरत्या शाफ्टभोवती हवा-ऑइल अडवणारी रबरी कडी), नवं बेअरिंग प्रत्येक वेळी मापून घ्यावं लागतं.

मालक तिशीच्या आतला, नोकरी पुण्याला. शनिवार-रविवार गावी येऊन त्याने ही गाडी घराच्या पार्किंगमध्ये बांधली होती. घरी बसून गाडी बांधणाऱ्या पोरांना गॅरेजवाले नावं ठेवतात, 'व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेत' म्हणतात. मला ते पटत नाही. या पोराची चाकं मी फिरवून बघितली, रिम कुठे डुलत नव्हती. चेन पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर त्याने आतून ठोकून इतकं सरळ केलं होतं की पोचा कुठे होता ते हाताला लागत नव्हतं. वायरिंग जुन्या रंगांप्रमाणे, प्रत्येक जोड सोल्डर केलेला. पगार घेऊन काम करणारा माणूस एवढा वेळ देत नाही. फक्त इंजिन त्याने बाहेर दिलं होतं. घरात लेथ नाही, प्रेस नाही, क्रँक सरळ करायचं साधन नाही, म्हणून दिलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

गाडी टेम्पोतून आली. तक्रार अशी होती की थंड असताना एका किकमध्ये सुरू, आठ-दहा किलोमीटर झाले की गॅस सोडला तरी रेस खाली येत नाही. प्लग काढून बघावा तर पांढराफटक. पन्हाळ्याच्या चढाला पिस्टन चिकटला, बोर केला, म्हणजे सिलिंडर आतून कापून साफ केला, पुन्हा तिथेच चिकटला. पहिल्या गॅरेजने कॉइल बदलली, दुसऱ्याने कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट मोठा केला, तिसऱ्याने इंजिन उघडून 'सगळी सीलं नवीन टाकली'. आता पोराच्या हातात एक खोकं होतं, बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी बसवायचं.

"काका, पॉइंट काढून हेच बसवा. कायमची कटकट जाईल."

मी म्हटलं, "बसवू. त्याआधी इंजिन हवा धरतंय का बघू."

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या बंद पेटीत, येतं. पिस्टन वर जाताना ते आत ओढलं जातं, खाली येताना दाबलं जाऊन सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हाच पंप. या पंपाला कुठेही बारीक वाट राहिली की तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि रेस वरच टांगून राहते. शिवाय या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, म्हणून पिस्टन चिकटतो. डाव्या बाजूचं सील गेलं तर इंजिन क्लचकडचं ऑइल ओढतं आणि धूर काढतं, ते सगळ्यांना दिसतं. उजवीकडे डायनामोच्या मागचं सील गेलं तर नुसती हवा ओढली जाते, डोळ्याला काहीच दिसत नाही. तीन गॅरेजमधून फिरलेल्या इंजिनाची हवा एकदाही कुणी मोजली नव्हती, याचा मला राग आहे. कारण त्यासाठी लागणारं साधन मेडिकलच्या दुकानात मिळतं.

ते साधन म्हणजे बीपी मोजायचं डायलचं मशीन. त्याचा काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे सहा पीएसआयच्या किंचित खाली. या कामाला तेवढाच दाब हवा. कंप्रेसरची हवा सोडली तर सीलचा ओठ उलटतो आणि चांगलं सील आपणच बिघडवतो. जावाच्या सिलिंडरला सायलेन्सर दोन, म्हणून दोन्ही तोंडांना रबर आणि पट्टी लावून बुचं मारली. कार्बोरेटरच्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली प्लेट. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे दोन्हींना जोडणारी भोकं, पोर्ट, उघडी राहतात आणि सिलिंडर, क्रँककेस मिळून एकच पोकळी होते. प्लग जागेवर. मग फुगा दाबत काटा २८०वर न्यायचा आणि हात काढायचा. चांगलं इंजिन पाच-सहा मिनिटं काटा जवळजवळ हलू देत नाही.

इथे हात काढला आणि काटा पळत सुटला.

आधी स्वतःच्या बुचांवर साबणाचं पाणी मारलं, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते. तिथे काही नाही. सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, हेड, कार्बोरेटरची प्लेट, कोरडी. डाव्या सीलसाठी गिअर ऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पडदा धरला. तो सपाट राहिला. म्हणजे उजवीकडेच.

उजवीकडचं आर्मेचर, म्हणजे डायनामोचा फिरणारा भाग, क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. ते काढायचा मार्ग एकच, त्याच्या मधल्या आट्यात काढणीचा बोल्ट फिरवायचा, बोल्ट क्रँकला रेटतो आणि आर्मेचर टकदिशी सुटतं. हा बोल्ट कुठलाही लेथवाला तासाभरात करून देतो. तरी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मागे दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात, केसचा आधार घेऊन. ती केस ॲल्युमिनियमची ओतीव असते, उचकटायला टेकू द्यायची जागा नव्हे.

आर्मेचर काढलं, सीलवर साबणाचं पाणी लावलं, परत दाब दिला. फुगे आले. पण शाफ्टला टेकणाऱ्या ओठातून एकही नाही. सीलच्या बाहेरच्या कडेने, खालच्या उजव्या अंगाला, सलग बारीक फेस. सील नवीन होतं, चांगलं होतं. सील ज्या खोबणीत बसतं ती खोबणच हवा सोडत होती.

सील काढून भिंग लावलं. खोबणीच्या भिंतीत एक राखाडी रेघ होती, धातूपेक्षा किंचित मळकट. नख फिरवलं तर अडकत नव्हतं, इतकी ती पॉलिश पेपरने घासून एकसारखी केलेली होती. हीट गनने ऊब दिली तर रेघ मऊ पडली आणि ओळखीचा वास आला, भेगा बुजवायला दोन पुड्या मळून लावायच्या लांबीचा. सुईने ती उकरून काढली. खाली दीड-एक सेंटिमीटरचा तडा, सीलच्या खोबणीपासून बेअरिंगच्या घरापर्यंत गेलेला. आणि त्याच्या शेजारी केसवर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचे दोन दाबलेले व्रण.

तडा कुणी पाडला ते सांगता येणार नाही. गाडी पन्नास वर्षांत कितीतरी हातांतून गेली असेल. पण ती लांबी जुनी नव्हती. पेट्रोल आणि उष्णता यांच्यात ती वर्षानुवर्षं टिकत नाही.

पोराला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे त्यांना दिसलं होतं?"

पुढचा प्रश्न केसचा. बाजारात चर्चा झाली तेव्हा लगेच सल्ले आले, 'भंगारातली दुसरी केस घ्या, नंबर मारून देतो.' इंजिन नंबर केसवरच असतो आणि तोच आरसी बुकात असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी चासी आणि इंजिनचा नंबर तपासला जातो. दुसऱ्या केसवर जुना नंबर ठोकणं हा गुन्हा आहे आणि माझ्या शेडमध्ये तो होणार नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१पासून वेगळी व्हिंटेज नोंदणीही आहे, पण तिच्यात गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही आणि रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. या पोराला गाडी चालवायची होती. म्हणून साधीच नोंदणी आणि हीच केस, असं आम्ही ठरवलं.

इंजिन पूर्ण उघडलं. जुन्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग लावणं म्हणजे आधी त्याच्या पोटातलं ऑइल काढणं. ओतीव धातूच्या छिद्रांत पन्नास वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. धुवायचं, वाळवायचं, भट्टीत तापवायचं, वर आलेला काळा ओघळ पुसायचा, परत तापवायचं, घाम येणं थांबेपर्यंत. मग तडे दाखवणारा लाल डाय लावून पुसून वर पांढरा डेव्हलपर मारला, तेव्हा कळलं की तडा डोळ्याला दिसत होता त्याहून पुढे गेलेला आहे. खऱ्या टोकाला बारीक भोक मारलं, म्हणजे तो पुढे पळत नाही. तड्याची व्ही-खाच केली आणि केस आर्गन वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. उद्यमनगरात ओतीव ॲल्युमिनियमवर विश्वासाने हात ठेवणारी माणसं आता थोडी उरली आहेत आणि हे त्यातले. त्यांनी केस आधी गरम केली, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या रॉडने थोडं थोडं भरलं, मधे थांबले आणि शेवटी राखेत पुरून रात्रभर थंड होऊ दिली. घाई करायला मी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी केसचा जोडाचा पृष्ठभाग फेसप्लेटवर टेकवून लेथला बांधला. बेअरिंगच्या घराला डायल गेज लावून केंद्र आणलं. संध्याकाळ यातच गेली, पण केंद्र जरा चुकलं तर सील शाफ्टवर एका बाजूला दाबून बसतं आणि हजार किलोमीटरमध्ये परत तीच गोष्ट. वेल्ड बारीक कापाने खाली आणत सील दाबून बसेल एवढी खोबण घेतली. वेल्डिंगने केस वाकली का हे सरफेस प्लेटवर निळा रंग लावून बघितलं. रंग सगळीकडे सारखा उठला तेव्हा मी मिस्त्रींना फोन केला.

क्रँक दोन सेंटरमध्ये धरून तपासली, केस तापवून बेअरिंग बसवली, इंजिन बांधलं. बीपीचं मशीन लावलं, २८०. पोरगा घड्याळ धरून बसला होता. काटा तिथेच राहिला. ही चाचणी मी मुद्दाम त्याच्याकडून परत करवून घेतली, कारण पुढची कित्येक वर्षं ही गाडी त्याच्या पार्किंगमध्ये राहणार आहे.

जुने पॉइंट ०.४ मिलिमीटरला लावले, जेट परत मूळचा टाकला आणि सहा व्होल्टवरच गाडी बाहेर काढली. पन्हाळ्याच्या चढावर तो पुढे, मी मागे दुसऱ्या गाडीवर. वर पोचल्यावर गॅस सोडला, रेस पडली, ती दोन सायलेन्सरची ढगढग संथ सुरू झाली. प्लग काढून बघितला, फिक्कट तपकिरी.

मग किट. इंजिन चांगलं झाल्यावर मी त्याला विचारलं, अजून बसवायचं आहे का. त्याने विचार करून हो म्हटलं आणि मला ते पटलं. सहा व्होल्टच्या पिवळ्या उजेडात रात्री हायवेला समोरून आलेल्या ट्रकपुढे काही दिसत नाही. बारा व्होल्टने हेडलाइट, हॉर्न, ब्रेकलाइट दमदार होतात, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. जुनी गाडी होती तशीच ठेवली पाहिजे म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री ती चालवून बघावी. हे किट त्याच निमुळत्या टोकावर, त्याच स्क्रूंवर बसतं, केसला भोक पाडावं लागत नाही, म्हणून बसवलं. केस घासावी लागेल असं किट मी परत पाठवतो. जुना डायनामो, आर्मेचर आणि रेग्युलेटर साफ करून त्याच्याकडे दिला. पण सुरुवातीलाच किट बसवलं असतं तर ठिणगी जोरात पडली असती, हवा मात्र ओढली जातच राहिली असती. तिसरा पिस्टन गेला असता आणि दोष किटच्या माथी आला असता.

त्याला एक कागद लिहून दिला आहे. केसला कुठे वेल्ड आहे, खोबणीचं नेमकं माप किती, कुठलं सील, कुठली रॉड. पुढे जो कुणी हे इंजिन उघडेल त्याला आपण काय बघतो आहोत हे माहीत असलं पाहिजे.

'सगळी सीलं नवीन टाकली' म्हणणाऱ्या तिसऱ्या गॅरेजचं नाव पोराने मला सांगितलं आहे. माणूस माझ्या माहितीतला आहे, हात वाईट नाही. लांबी भरून, सुकवून, पॉलिश पेपरने इतकी सफाईने घासायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात फोन करून सांगता आलं असतं, 'तडा आहे, काय करायचं?' गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार होतं. पन्हाळ्याच्या उतारावर भर वेगात पिस्टन चिकटून मागचं चाक जाम झालं असतं तर काय झालं असतं, हे त्यालाही कळतं, तो स्वतः या गाड्या चालवतो. त्याच्याकडे जाऊन सरळ विचारावं असं रोज वाटतं. पोरगा म्हणतो, "राहू दे काका." मी अजून काही ठरवलेलं नाही.