हिमेजीचा किल्ला चढताना

जपानमधल्या हिमेजी स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला दिसतो. बस मिळते, पण अंतर किलोमीटरभरच, म्हणून मी चालत गेले.

तिकीट काढून हिशी दरवाजातून आत शिरले तेव्हा बालेकिल्ला हाकेच्या अंतरावर वाटत होता. मग मात्र वाटेने खेळवायला सुरुवात केली. दरवाजांना जुन्या जपानी अक्षरक्रमाची नावं आहेत: इ, रो, हा, नि... एकेक ओलांडत जावं, तर बालेकिल्ला कधी डावीकडे, कधी चक्क पाठीमागे. ‘नि’ दरवाजाशी वाट उलटी फिरते आणि छत इतकं खाली येतं की उंच माणसाने मान घालूनच जावं. पुढे पाण्याच्या दरवाजांकडे तर उतार लागतो. चढायचंय वर आणि आपण उतरतोय खाली! शत्रूला वाटावं, आपण रस्ता चुकलो. बाजूच्या भिंतीत जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आहेतच: गोल, त्रिकोणी, चौकोनी बंदुकीसाठी, उभट लांबुळक्या बाणांसाठी. एका त्रिकोणी जंगीला आतून डोळा लावला, तर खालची वाट आणि तिच्यावरून रमतगमत येणारी माणसं अगदी नेमात होती.

बालेकिल्ल्याच्या दारात बूट काढून पिशवीत घ्यायचे आणि ती पिशवी सगळीकडे मिरवायची. बाहेरून पाच मजले दिसतात; आत सहा, शिवाय तळघर. जिने जवळजवळ शिडीसारखे, लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. एका हातात बूट, दुसऱ्या हातात कठडा, त्यात कॅमेरा गळ्यात असला तर विचारूच नका. घट्ट बसणारे मोजे घालाच आणि गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, त्यात कमीपणा नाही.

आत राजेशाही सामानसुमान काही नाही. बरेचजण त्यानेच हिरमुसतात. मला उलट रिकामेपण आवडलं, कारण त्यामुळे लाकूड दिसतं. इथला सरदार इकेदा तेरुमासा याने 1609 मध्ये हा बालेकिल्ला पुरा केला. त्याचा भार दोन प्रचंड खांबांवर आहे. पूर्वेचा मूळचा. पश्चिमेचा 1964 मध्ये संपलेल्या दुरुस्तीत बदलला. त्यासाठी आणलेला ओंडका वाटेतच मोडला, म्हणून दोन झाडं जोडून खांब केला. तो सांधा तिसऱ्या मजल्यावर आहे, पण गर्दी तिथे थांबत नाही. सगळ्यांना वर पोचायची घाई.

वर काय, तर छोटंसं ओसाकाबे देवस्थान आणि खिडक्यांतून शहर. 1945 च्या हवाई हल्ल्यात हे शहर जळालं. किल्ल्याच्या वरच्या मजल्यावरही आगीचा बॉम्ब पडला होता, तो पेटलाच नाही. खिडकीशी उभं राहून ते वाचताना अंगावर काटा आला.

उतरल्यावर पाय बोलायला लागतात आणि निशिनोमारू, म्हणजे किल्ल्याचा पश्चिमेचा भाग, राहून जातो. म्हणून तो आधी करा. हिशी दरवाजातून डावीकडे वळलं की झालं. शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासुची नात सेनहिमे तिथे राहायची. लांबलचक लाकडी पडवी आहे, जिने फारसे नाहीत, गर्दीही कमी. फक्त बूट तिथेही काढावे लागतात.